टिटवीच्या दारातून

कोकणात सुट्टीला आलो होतो. सकाळी वाडीत जायफळाचं उकललेलं फळ उचलून मी म्हटलं, "बघा, ही लाल जायपत्री." धाकटे दीर पोरांसमोर हसले. "राहू द्या वहिनी, तुम्हाला काय कळतंय!" सोळा वर्षं हेच वाक्य, आणि दर वेळी ताजं.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. सुरूच्या बनाबाहेर खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी मला दिसली. जवळ टिटवी उभी, मान ताठ. तिच्या घराला ना काडी, ना कुंपण. असं उघड्यावर राहायचं तर आवाज चढवावाच लागतो. मी कधी चढवला नाही.

"वहिनी, इथून सरळ जाऊ ना?" दिरांनी विचारलं. अंडी त्यांच्या वाटेपासून दहा पावलं लांब होती. पण टिटवीला दहा पावलं म्हणजे अगदी दारातच.

"जा की," मी म्हटलं.

ती किंचाळत डोक्यावर झेपावली. टोपी वाळूत पडली, चप्पल मागे राहिली, दीर दोन्ही हातांनी डोकं झाकून पळत सुटले. पोरं खिदळत होती.

"अहो वहिनी, हिला झालंय तरी काय?"

"मला काय कळतंय, भावजी!"