मधूची बॅटरी

मधू गेल्याचं कळलं तेव्हा मी मंगरूळपीरच्या स्टँडवर त्याच्यासाठीच केळी घेत होतो. फोनवर सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे वावराच्या धुऱ्यावर टेकले, ते उठलेच नाही…" किन्हीराजाकडे जाणारी बस यायची होती. हातात केळी घेऊन मी उभा राहिलो आणि पहिल्यांदा जे मनात आलं ते दुःख नव्हतं, राग होता. "लबाड!" मी मोठ्यानं म्हणालो. शेजारची बाई दचकून सरकली.

माझी बायको वारली, तिच्या तेरवीला मंडळी पांगल्यावर मधू एकटा माझ्याजवळ बसून राहिला होता. मी त्याला म्हटलं होतं, "आता तुले माह्या आंदी जाता येनार नाही, सांगून ठेवतो." त्यानं माझा हात हातात घेतला. "नाही जात बावा. दिला शब्द." तो शेतकरी, मी गावच्या शाळेचा मास्तर, तरी त्या शब्दावर मी पुढची नऊ-दहा वर्षं काढली. शब्द दिल्यावर थोड्याच दिवसांनी तो पंधरवडाभर अकोल्याला बहिणीकडे राहून आला. डावा हात जपून वापरायचा. खांदा भरला म्हणे. मी तेल नेऊन दिलं.

मधूचा एकच शौक होता, बॅटऱ्या. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. बाजारात प्लास्टिकच्या स्वस्त एलईडी बॅटऱ्या मिळतात ना, पाठीमागची पिन बाहेर ओढून बोर्डात खोचायच्या, त्या. एक भिंतीतल्या देवळीत, एक खाटेखाली, एक गोठ्यात, एक सदऱ्याच्या उजव्या खिशात. भर दुपारीही कोठीत डोकं घालून धान्याला भुंगा लागला का ते बघायचा. दुकानात नवी घेताना काचेवर अंगठा दाबायचा आणि तो लाल दिसला की खूश व्हायचा. "मास्तर, पाय, आतलं रगत दिसून राह्यलं!" इतक्या वेळा हे ऐकलं होतं की मी लक्षही द्यायचो नाही.

यंदा सोयाबीनच्या सोंगणीआधी एका दुपारी तो माझ्या ओट्यावर आला. पाणी प्यायला. खिशातली पिवळी बॅटरी हातात फिरवत म्हणाला, "बॅटरी उतरत आली म्हनतात. बदलाची हाय. सुमन मांगं लागली. तुले काय वाटते?"

मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हटलं, "चालू हाय ना?"

"चालू तं हाय."

"मंग कायले बदलतं? चालू दे दिवाळीलोक. मंग पाहू."

त्यानं बॅटरी खिशात घातली. मग म्हणाला, "घरी असंच सांगू? तुह्या नावानं?"

"सांग ना, मास्तरनं म्हनलं म्हनून!"

तो हसत उठला. मला मागून वाटलं, दिवाळीपर्यंत थांब म्हणून आपण उगाच तोडून बोललो. पुढच्या बाजाराला त्याच्यासाठी नवी निळी बॅटरी घेतली, बाजूला लांबट दिवा असलेली. मधूनं काचेवर अंगठा ठेवला, बराच वेळ ठेवला. "झाक हाय," म्हणाला. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. समोरच बसलो होतो की मी…

मधूच्या तेरवीच्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं. डोळे कोरडे, आवाज कडक. "भाऊजी, तुमी शिकलेले मानूस. डॉक्टर म्हने महिन्याभरात बदला, आन् तुमी काहून म्हनलं दिवाळीलोक चालू द्या म्हनून?"

"काय बदला?"

"छातीतल्या मशीनची बॅटरी!"

नऊ वर्षांपूर्वी अकोल्यात त्याच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला होता. वहिनींना वाटत होतं, मला सगळं ठाऊक आहे. त्यानंच त्यांना बजावलं होतं, "मास्तरसमोर दवाखान्याचा इषय काढू नोको, त्याले बायको आठवते." दोन घरांच्या मधे उभा राहून त्यानं दोन्ही घरांना फसवलं. दवाखान्याला तो भीत होता, सोंगणीही तोंडावर होती. त्याला फक्त कुणीतरी "थांब" म्हणायला हवं होतं, आणि तो शब्द त्यानं माझ्या तोंडून काढून नेला.

मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, माहीत नाही. माझं मलाच कुठे पटतं? मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे फार वाईट आहे. मला त्याला विचारायचंय, गड्या, दुसरं कुणी सापडलं नाही का तुला?

निघताना वहिनींनी निळी बॅटरी स्वतःकडे ठेवली आणि त्याच्या सदऱ्यातली जुनी पिवळी माझ्या हातावर ठेवली. घरी येऊन मी बटण सरकवलं. भर उन्हातही डोळे दिपले. ती उतरलेली नव्हतीच कधी. काचेवर मी अंगठा दाबून पाहिला, लाल झाला. मग रागानं ती खुंटीला टांगून टाकली, चार्ज करायची नाही असं ठरवून. रोज सकाळी मात्र बटण सरकवून बघतो.

दिवाळी होऊन गेली. चालू आहे.