शुक्रवारी आलेला वास

मंडळी, आईला शेजारच्या काकूंकडे बसवून नाक्यावरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. घरात बसवत नाही.

आम्हा अंबरनाथकरांना केमिकल कंपन्यांच्या वासाची सवय असते. वास आला की खिडक्या लावायच्या. आज संध्याकाळीही मी सगळ्या लावल्या. घर एकदम शांत झालं. वास मात्र वाढतच गेला.

आई काडेपेटी घेऊन देवापाशी बसली होती. दिवा लावता लावता थांबली.

"आज शुक्रवार ना गं? कंपन्यांना तर सुट्टी असते."

म्हणजे वास बाहेरचा नव्हता. मग मी हळूच तिच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर बारीक सुसकारत होता, कुणी झोपलेलं असावं तसा. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या.

"घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, आणि नाक मी चालवायचं?" आई म्हणाली.

दवाखान्यासाठी वेगळे ठेवलेले पैसे, विम्याचे कागद, टॉर्चचे नवे सेल, माझी सगळी तयारी होती. आणि खिडक्याही मीच लावल्या होत्या.

तुमच्या घरात असं काय आहे, ज्याची भीती वाटणं सवयीने बंद झालंय?