पाचवं ‘का’

मॅनेजर साहेबांनी झाडू माझ्यापुढं धरला आणि सगळा हॉल हसला.

वाळूजला आमची कंपनी, गाड्यांचे सुटे भाग बनतात. मी तिथं सहा वर्षं मशीनवर ऑपरेटर. क्वालिटीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, पुण्याहून ट्रेनर आले होते. ट्रेनिंग झालं की प्रत्येक लाइनमधून एकाला ऑडिटर करणार होते. म्हणजे दुसऱ्यांचं काम तपासायचा अधिकार. आमच्या लाइनमधून लेखी परीक्षेत पहिली मी आले होते. नाव पक्कं व्हावं म्हणून कान टवकारून बसले होते.

ट्रेनर सांगत होते, ज्याचं मशीन त्यानंच साफ करायचं. पुसताना हात फिरतो, तेव्हाच कळतं कुठं तेल गळतंय, कुठं बोल्ट ढिला झालाय. म्हणजे सफाई हीच तपासणी. मला लई पटलं. मंग समोर आणून ठेवलेल्या मशीनकडं बोट दाखवून ते म्हणाले, “कुणीतरी करून दाखवा बघू.”

साहेब पहिल्या रांगेत होते. तीन पिढ्या शिकलेलं घराणं, हे ते स्वतःच सांगायचे. उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला अन् सरळ माझ्याकडं आले.

“ह्यांना करू द्या. ह्यांच्या रक्तातच आहे ते.”

तीस माणसं हसली. ट्रेनर पण, गालातल्या गालात. अन् मी? मी उठले आणि झाडलं. मशीन राहिलं बाजूला, अख्खा हॉल झाडला. खुर्च्यांखालून झाडलं. साहेबांपाशी आले तर त्यांनी बसल्या जागी नुसते बूट वर उचलले. आजही आठवलं की अंगाची आग होते.

कंपनीच्या बसमध्ये क्रांती चौकापर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाय.

आम्ही मूळचे पाचोडचे, बौद्ध. माझी आई छावणीत बंगल्यांवर झाडू-फरशी करते. मला आयटीआयला घातलं ते तिनंच. पोरीच्या हातात पाना येऊ दे, झाडू नको, एवढंच तिचं म्हणणं. घरी आले तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं.

“मंग, झाडलं तू?”

“व्हय.”

“म्या झाडते ते पगारापायी. तू कशापायी झाडलं?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती भाकरी थापत राहिली, आणि मी न जेवता उठले.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरनी नवी रीत शिकवली. कामात चूक झाली की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. आमच्याच लाइनची अडचण घेतली. तयार मालावर ओरखडे पडतात. का? साहेबांनी बसूनच सांगितलं, “ऑपरेटरचा निष्काळजीपणा.” ट्रेनर म्हणाले, मग ऑपरेटरांपैकीच कुणी पुढं या.

मी उठले.

फळ्यावर लिहीत गेले. ओरखडे का? मशीनमध्ये लोखंडाचा कीस राहतो. कीस का राहतो? मशीन पुसलंच जात नाही. का? चालवणारा पुसत नाही, सफाईवाल्या बायांची वाट बघतो. का वाट बघतो? स्वतः पुसायची त्याला लाज वाटते.

इथपर्यंत माना हलत होत्या. साहेबांचीसुद्धा.

मग पाचवं लिहिलं. लाज का वाटते? कारण झाडणं-पुसणं ठरावीक जातीचं काम आहे, असं इथं मानतात. काल मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना तेच शिकवलं.

ट्रेनर घाईनं म्हणाले, “हे प्रोसेसमध्ये बसत नाही. पुसून टाका.”

साहेब ताडकन उठले. “पुसतेस की नाही?”

कालपर्यंत ‘ह्यांना’ तरी होतं. तेही गेलं.

मी डस्टर टेबलावर ठेवलं. “नाय पुसणार, साहेब. काल झाडलं ती माझी चूक होती. हे लिहिलंय ते बरोबर आहे.”

कुणी टाळी वाजवली नाय. माझ्या शेजारच्या मशीनवरची मैत्रीण खाली मान घालून बसली. शेवटी साहेब स्वतः आले अन् फळा पुसला. सहा वर्षांत त्यांना काही पुसताना मी पहिल्यांदा बघितलं.

ऑडिटरच्या यादीत माझं नाव आलं नाय. ऑफिसात कारण विचारलं तर तोंडी म्हणाले, वागणूक. म्हटलं, लेखी द्या. अर्ज दिलाय, शिक्क्यासकट पोच घेतलीय, उत्तर येईस्तोवर दर सोमवारी जाऊन उभी राहते. पुढच्या यादीलाही अर्ज करणार, त्याच्या पुढच्या यादीलाही.

माझं मशीन मी रोज पुसते, चकाचक. पण कुणाच्या बुटाखालचं झाडणार नाय. आणि जिथं फळा मिळंल तिथं ते पाचवं लिहिणार. पुसायचं असंल तर साहेबांनी उठून पुसावं.