दहा जणांचा संघ

"आधी हारल्याल्यांची नावं सांगा, मास्तर. जितल्याल्यांची सारं गाव सांगतंय."

सामना संपला की चाचांचं हे वाक्य ठरलेलं. पोरं जिंकलेल्या संघाभोवती नाचत असायची, कुणी कप्तानाला खांद्यावर घेतलेलं असायचं, आणि चाचा काळ्या पुठ्ठ्याची वही काखेत मारून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघालेले असायचे. तिथं हरलेली पोरं धुळीत बसून गुडघे चोळत असत. चाचा त्यांच्यासमोर उकिडवे बसत आणि पेनाचं टोपण दातात धरून विचारत, "नाव सांगा. बापाचं बी सांगा." बापाच्या नावाशिवाय ते कुणाचीच नोंद करत नसत.

हे असं का, ते त्यांच्या धंद्यावरून कळेल. चाचा कचेरीबाहेरचे अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारे. निजामाच्या काळात कोर्टाचं सगळं काम उर्दूत चालायचं, तेव्हा त्यांच्या घोंगडीपुढं सकाळपासून माणसं बसलेली असत. अर्जात माणूस लिहायचा तो बापासकट, अमुक वल्द तमुक. तीच सवय मैदानावर आली. मग राज्य बदललं, कचेरीची भाषा मराठी झाली, आणि पन्नाशीला आलेल्या या माणसाला देवनागरी गिरवायला बसावं लागलं. कचेरीतली गर्दी ओसरली, वही मात्र चालू राहिली. उर्दू उजवीकडून लिहितात म्हणून जुन्या सामन्यांची नोंद एका बाजूनं होती, आणि मराठी डावीकडून म्हणून नव्या सामन्यांची त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूनं. दोन्ही बाजूंच्या मध्ये थोडी कोरी पानं उरली होती.

तुम्ही म्हणाल, शाळेच्या पोरांच्या खेळाची एवढी नोंद ठेवणारा माणूस मोठा खेळाडू असेल. मुळीच नाही. चाचांचा एक पाय लहानपणापासून अधू होता. धावणं त्यांनी फक्त बघितलं होतं, आणि बहुतेक म्हणूनच इतकं नीट बघितलं होतं.

आमचं गाव तालुक्याचं. एका अंगाला अणदूर, दुसऱ्या अंगाला तुळजापूर, आणि गावात एकच हायस्कूल. आम्ही शिकत होतो तेव्हा तिथं हॉकी आणि फुटबॉल चालायचा. विलीनीकरणानंतर मी त्याच शाळेत मास्तर होऊन परत आलो, तोवर हुतुतू आणि खो-खो आले होते. हॉकीच्या काठ्या आम्ही भूगोलाच्या तासाला नकाशा दाखवायला वापरत होतो.

चाचांनी हे बदललेले खेळही मन लावून शिकून घेतले. पण हुतुतूचं वर्णन ते कोर्टाच्या भाषेत करत. परक्या हद्दीत घुसखोरी करण्याला जुन्या कायद्यात मदाखलत-ए-बेजा म्हणत. चाचांच्या लेखी चढाई करणारा प्रत्येक गडी या गुन्ह्याचा आरोपी होता, आणि त्याला पकडणारे सात जण फिर्यादी. खो-खोवर त्यांचा राग होता. बसलेल्या माणसाला पाठीत थाप मारून उठवायचं आणि त्यानं का म्हणून विचारायचंही नाही, हे त्यांना रीतीला धरून वाटत नसे. एकदा अणदूरला आमचा संघ सपाटून हरला, तेव्हा परतीच्या एसटीत त्यांनी सगळ्या संघाला वहीतली नोंद वाचून दाखवली. शेवटचं वाक्य होतं, "सबब आपल्या संघाचा दावा खर्चासह नामंजूर." रडवेली पोरं हसायला लागली. मीही हसलो. त्या माणसाजवळ बसलं की हरण्याची लाज कमी व्हायची, हे मी अनुभवानं सांगतो.

दर वर्षी स्नेहसंमेलनात चाचांची हजेरी व्हायची. हजेरी म्हणजे ते उभे राहून शाळेचे जुने संघ एकामागून एक तोंडपाठ म्हणत. गोलकीपरपासून सुरुवात, मग बॅक, हाफ, फॉरवर्ड, प्रत्येकाचं नाव बापासकट. त्या संघांतले गडी आता पोरांचे बाप, चुलते होऊन सभागृहात बसलेले असत. आपलं नाव आलं की माणूस नकळत ताठ बसायचा. वाणी, पाटील, मोमीन, देशपांडे, सगळे.

फक्त एका संघात दहाच नावं येत. निजामी राजवटीतला तो शेवटचा हॉकीचा संघ. जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही एका गोलनं जिंकला होता. आम्ही म्हणतो, कारण लेफ्ट-इनला मी होतो. चाचा राइट-इनचं नाव घेत, क्षणभर थांबत आणि एकदम लेफ्ट-इनवर येत. पोरं खालून विचारत, चाचा, सेंटर फॉरवर्ड कोण? चाचा म्हणत, "ती जागा खाली हाय." खाली म्हणजे रिकामी. म्हातारा नाव विसरला, असं समजून पोरं टाळ्या वाजवत.

चाचा काही विसरले नव्हते. सेंटर फॉरवर्ड त्यांचा मुलगा होता. त्याचं नाव रशीद. इथं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा राहायला नको.

त्या सामन्यानंतरच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं आमच्या घरच्यांनी गाव सोडलं आणि आम्ही बार्शीला मामाकडे जाऊन राहिलो. घराची किल्ली वडिलांनी चाचांकडे ठेवली होती. पावसाळा सरता सरता पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्या आठवड्यांत खेडोपाडच्या मुसलमानांवर जे ओढवलं ते आमच्याकडं अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही. रशीद एकट्या पडलेल्या मावशीला आणायला तिच्या खेड्यावर गेला होता. तो परत आला नाही. मावशीही नाही. एकोणीस वर्षांचा होता. हॉकी सोडून दुसऱ्या कशातही तो नव्हता.

आम्ही परतलो तेव्हा चाचांनी वडिलांच्या हातात किल्ली दिली. घरातलं एक भांडं हललेलं नव्हतं. वडिलांनी त्यांचे हात धरले, पण रशीदबद्दल एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. काय विचारायचं तेच कळत नव्हतं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे उत्तर ठाऊक होतं, आणि ते ऐकायची छाती नव्हती.

पुढं मास्तर झाल्यावर एकदा मैदान रिकामं असताना मी त्यांना विचारलं, की हजेरीत रशीदचं नाव का घेत नाही. ते चुना-तंबाखू मळू लागले.

"त्याचं नाव घेतलं की कुणी तरी इचारणार, आता कुठं असतोय. मग सारे माना खाली घालणार. कुणी ठाऊक हाय म्हणून, कुणी नुसती शरम म्हणून. लोक पोरांचा खेळ बघाया येतेत, मास्तर. त्यांनी माना खाली का घालाव्या? म्हणून म्या जागा खाली ठेवतो. ज्याला कळायचं त्याला कळतंय."

मला कळत होतं. सबंध गावात ती रिकामी जागा नीट वाचू शकणाऱ्या थोड्या माणसांपैकी मी एक होतो, आणि चाचांचा त्याच गोष्टीवर भरवसा होता.

मग शाळेत नवे हेडमास्तर आले. साताऱ्याकडचे, उत्साही, भला माणूस. शाळेला परंपरा हवी असं त्यांच्या मनानं घेतलं. सभागृहात शाळेच्या विजयांचा मोठा रंगवलेला फळा लावायचं ठरलं, आणि माहिती गोळा करायला चाचांना आणि मला ऑफिसात बोलावणं आलं. त्या दिवशी चाचा नुकताच धुतलेला अचकन घालून आले होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या वहीला शाळेनं पहिल्यांदाच मान दिला होता.

चाचा नावं सांगत गेले, क्लार्क लिहीत गेला. शेवटच्या हॉकी संघाला हेडमास्तरांनी नावं मोजली आणि विचारलं, अकरावा कोण. चाचा म्हणाले, जागा खाली. हेडमास्तर खुर्चीतून उठलेच. म्हणजे दहा जणांनी अंतिम सामना जिंकला? माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही होतात ना संघात? खरंच दहा जण?"

आता माझं ऐका. मला बोलायला पुष्कळ वेळ होता. मी चाचांकडं पाहिलं, ते माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, नाव झाकायची त्यांचीच इच्छा आहे, आपण मान हलवावी. मी होकारार्थी मान हलवली. मग हेडमास्तरांनी विचारलं, गोल कुणी मारला? मी गप्प राहिलो. क्लार्क हसून म्हणाला, सर लाजतायत, त्यांनीच मारला असणार. यावरही मी गप्पच राहिलो, आणि वर थोडासा हसलो. त्या हसण्याला मी आजवर दुसरं कारण शोधतो आहे. सापडत नाही. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं, एवढंच.

पंधरा दिवसांत फळा लागला. वरच मोठ्या अक्षरांत दहा वीरांची कामगिरी, खाली दहा नावं, आणि शेवटी विजयी गोल करणारा म्हणून माझं नाव. उद्घाटनाला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी भाषणात मुलांना सांगितलं की एक गडी कमी असला तरी रडू नका, या दहा जणांकडे बघा. मला हार घातला. चाचांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषण संपलं तेव्हा ती खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते कचेरीबाहेर घोंगडीवर बसले होते, पुढं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी म्हणालो, मला वाटलं तुम्हालाच नाव नको होतं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"नाव नगं होतं, खरं हाय," ते म्हणाले. "पर जागा हवी होती, मास्तर. म्या ती खाली ठेवली होती. तुमी ती बुजवून टाकली. आता तो खेळलाच न्हाय."

त्यानंतर चाचा मैदानावर आले नाहीत. सामने होत राहिले, आम्ही जिंकलो, हरलो. हरलेली पोरं धुळीत एकटीच बसून राहायची आणि मग आपापली उठून जायची.

महिन्याभरानं मी हेडमास्तरांकडे गेलो. सगळं सांगितलं. अकरावा होता, गोल त्याचाच होता, फळा बदला. ते अस्वस्थ झाले. साहेबांनी रिपोर्टात लिहिलंय, आता बदललं तर शाळेचं हसं होईल, म्हणाले. पण माणूस खरंच भला होता. थोड्या वेळानं त्यांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "बरं, नाव सांगा त्या मुलाचं. सध्या कुठं असतो तो? बोलावून सत्कारच करू."

मी खाली बघायला लागलो. चाचांनी सांगितलं होतं अगदी तसंच. हेडमास्तर वाट बघत राहिले, आणि मी, मुलांना रोज मोठ्यानं बोला म्हणून दरडावणारा मास्तर, काही न बोलता उठून बाहेर आलो.

त्याच वर्षी थंडीत चाचा गेले. दोन दिवसांचा ताप, बस. मी जनाज्याला खांदा दिला. कबरस्तानात शाळेतलं म्हणून मी एकटाच होतो. शाळेचा त्या दिवशी तुळजापूरशी सामना होता.

तीन दिवसांनी त्यांच्या घरी भेटायला गेलो. चाची दाराच्या पडद्यामागं बसल्या होत्या, मी ओसरीवर. एका भाचीनं चहा आणून ठेवला. मग आतून चाचींनी विचारलं, "मास्तर, त्या दिशी रशीद कसा खेळला हो? आमाला कुणी मैदानावर न्हेत नसे. यांना इचारलं की हे उठून जायचे."

मी त्यांना सगळा सामना सांगितला. पहिल्या अर्ध्यात आम्ही नुसते बचावच करत होतो. मग मैदानाच्या मध्यावर माझ्याकडं चेंडू आला, मी तो रशीदला दिला आणि घसरून पडलो. पडल्या पडल्याच मला दिसलं, की त्यानं एका बॅकला डावीकडून चुकवलं, दुसऱ्याला थांबवून उजवीकडून गेला आणि गोलकीपर पुढं आल्यावर मारायची घाई न करता चेंडू नुसता बाजूनं सरकवला. तो इतका हळू गेला, की गोल झाला हे आमच्याच लोकांना उशिरा कळलं. मग सगळ्यांच्या आधी तो मला उचलायला परत आला होता, हेही सांगितलं. हे मी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग चाची म्हणाल्या, "शाळंत त्या गोलावर तुमचं नाव हाय म्हणं."

मी हो म्हणालो.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "परक्याचं तर न्हाय. त्याच्या दोस्ताचं हाय."