रिकाम्या पोटी फोटो नाही

माझी दहावी आली त्या वर्षी आमच्या घरी चूल एकदाच पेटायची, संध्याकाळी. वडील झाशी स्टेशनवर ठेकेदाराच्या हाताखाली गाडीचे डबे धुवायचे. ठेका दुसऱ्याकडे गेला आणि वडील घरी बसले. आई झाशीतल्या लक्ष्मी गेटच्या आसपास दोन-तीन मराठी घरांत पोळ्या करायला जायची. तिथलं उरलंसुरलं आणायची तिला लाज वाटे, आणि मला वाटे, तिनं आणावं. आम्ही मूळचे भुसावळकडचे. वडिलांना सहीपुरतं लिहिता येई, आईला तेवढंही नाही. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. कुठून निघालो ते सांगितलं नाही तर कुठे पोचलो ते कसं कळणार?

बोर्डाच्या परीक्षेला फोटो लागणार होता. आईनं मला बापूकाकांच्या स्टुडिओत पाठवलं. त्यांच्या घरीही तीच पोळ्या करायची, म्हणून नाव ऐकून होते. जुन्या झाशीतलं मराठी घराणं, पूर्वजांनी संस्थानचा कारभार पाहिलेला. आता त्यातलं फक्त बोलणं उरलेलं. हिंदी गिऱ्हाइकं त्यांना पंडितजी म्हणत. मी शाळेच्या गणवेशात स्टुलावर बसले. काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, काढला, परत लावला. मग म्हणाले, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"जेवून आलेय."

"तुझ्या आईच्या पोळ्या मी रोज खातो. त्या खाऊन आलेली पोरगी अशी दिसत नाही." त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. आत गजक होती, तीळ-गुळाची कुरकुरीत वडी. मोठा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला, लहान स्वतःच्या तोंडात टाकला. "रिकाम्या पोटाचा चेहरा मी घेत नाही. फोटोत तो लांबचा दिसतो, कुठल्या तरी दुसऱ्या गावचा."

हा त्यांचा नेम होता आणि तो सगळ्यांना लागू होता. थंडीत गजक, उन्हाळ्यात गूळ-चणे. नवरदेव असो, पोलीस दरोगा असो, आधी खायचं आणि काकांबरोबर खायचं. स्थळांसाठी फोटो काढायला मराठी मुली यायच्या. ते फोटो ग्वाल्हेर, इंदूर, पुण्याला जायचे. त्या मुलींना घरून ताकीद असे की पावडर पुसली जाईल, तोंडाला काही लावू नकोस. काका आयांना सांगत, "ताई, मुलगी उपाशी राहिली तर सासरही तसलंच मिळेल." आया चिडायच्या. मुली हसायच्या. तेवढ्यात फोटो झालेला असे.

स्वतः मात्र ते तोंड मिटून हसत. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखू चघळून दात रंगले होते. काकू म्हणायच्या, "जगाला दात काढायला लावतात, आपले तेवढे झाकून ठेवतात." काकूंचं बोलणं तिखट, पण रात्रीच्या उरलेल्या भाताला फोडणी देऊन तो आमच्या घरी पाठवायच्या त्याच. आणि तो असा पाठवायच्या, की जणू आमचीच त्यांच्यावर मेहरबानी.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काका गिऱ्हाइकाला गजक देत, स्वतः घेत नव्हते. विचारलं तर म्हणाले, "दात कुरकुरतात." मग स्टुडिओतला आरसा, ज्याच्यापाशी कंगवा आणि पावडरचा डबा ठेवलेला असे, तो त्यांनी पडद्यामागे नेऊन टांगला. दाढीला हजामाकडे जायचे बंद झाले, ती वाढू दिली. शेवटी काकूंनीच हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. गालाच्या आत जखम होती आणि ती साधी नव्हती. झाशीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लखनौला जा, ऑपरेशन करा, गाल आणि जबड्याचा तुकडा काढावा लागेल. उशीर केलात तर तेही होणार नाही.

काकांनी मोहल्ल्यात जाहीर केलं, "आम्ही लखनौ बघायला आणि खायला चाललोय."

मूलबाळ नव्हतं. काकूंचे गुडघे धड नव्हते. काका आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, पोरीला चार दिवस द्या. दवाखान्यात इंग्रजी बोलतात. तिथं ही बोलेल." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. आपली मुलगी कुणाला अशा कामाला लागते, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. "न्या," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात सोमवारी सकाळी यायला सांगितलं होतं. काकांनी तिकिटं शुक्रवारची काढली. "आधी शहर बघू. मग ते काय म्हणतात बघू." चारबाग स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरलो. काकू खाटेवर पाय पसरून म्हणाल्या, "जा तुम्ही. मला नवाबाची घरं बघायची नाहीत. पण ह्यांना सोमवारी माझ्यासमोर हजर कर." हे मला म्हणाल्या. त्यांना नवरा पुरता ओळखीचा होता.

काका गळ्यात कॅमेरा अडकवून निघाले. रूमी दरवाजासमोर मान वर करून बराच वेळ उभे राहिले. "दरवाजे आपल्या झाशीलाही आहेत. हा जरा जास्त जेवलेला आहे." इमामबाड्यात वाटाड्या भूलभुलैयाची माहिती सांगत होता आणि काका त्याचेच फोटो काढत होते. त्यांना इमारतीत रस नव्हता, तिच्यासमोर उभ्या असलेल्या माणसांत होता.

मग खाणं. खस्ता-कचोरी, मटाराची टिक्की, तळलेल्या बटाट्याच्या कुरकुरीत टोपलीत भरलेली चाट, कुल्फी. प्रत्येक ठेल्यावर त्याच थाटात ऑर्डर, "भैया, बढ़िया लगाना, बिटिया पहली बार आई है." प्लेट आली की उजेडाकडे धरायची, फोटो काढायचा, माझ्या हातात द्यायची. स्वतः चमचाभर दही. पहिल्या दिवशी मला वाटलं, लाड चाललेत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. टोपलीचा इतकासा तुकडा त्यांनी ओठांशी नेला, तोंड उघडेना. बोटानं आत सारायला गेले आणि डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट आहे," म्हणाले. त्या टोपलीत तिखट नव्हतंच. मी ती घेतली. अर्धी उरली तेव्हा ठेवून द्यायला निघाले. पण त्यांनी ती माझ्याकडून संपवून घेतली.

रविवारी संध्याकाळी धर्मशाळेच्या पायरीवर बसून त्यांनी मनातलं सांगितलं. "उद्या सकाळची गाडी पकडू. बघायचं ते बघितलं, खायचं ते खाल्लं."

"तुम्ही काय खाल्लं, काका? खाल्लं मी."

ते कॅमेऱ्याची काच पुसू लागले.

"दवाखान्याचं काय?"

"अर्धा चेहरा काढून देतात तिथं." त्यांनी कॅमेऱ्याची पट्टी बोटाला गुंडाळली. "माझा धंदा कळतो ना तुला? समोरचा माझं तोंड बघून हसतो, तेव्हा मी बटण दाबतो. लहान मूल बघून रडायला लागलं तर मी कसला फोटोवाला? आहे त्या चेहऱ्यानं जेवढं होईल तेवढं करीन."

 कॉलेजात असल्या वेळी काय बोलायचं ते शिकवत नाहीत. मी एवढंच म्हटलं, "मग आहे त्या चेहऱ्याचा एक फोटो तर असू द्या. तुमचा लग्नानंतरचा फोटो आहे का एखादा?"

नव्हता. सगळ्या गावाचे होते, त्यांचा नव्हता.

"काढ मग," म्हणाले. मी कॅमेऱ्याला हात घातला तर त्यांनीच थांबवलं. "असा नाही. खाल्ल्याशिवाय नाही." आणि दोघंही अडकलो. नेम त्यांचाच, आणि त्यांना खाता येत नव्हतं.

सोमवारी उजाडताच आम्ही जुन्या चौक बाजारात गेलो. काकूंना सांगितलं, दवाखान्याआधी परत येतो. काकांच्या डोक्यात अजून गाडीच होती, हे मला माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा मोठ्या परातीत मख्खन-मलाई घेऊन बसला होता. दुधाचा नुसता फेस, थंडीतच मिळतो, उन्ह चढलं की बसून जातो. काकांना थबकलेलं पाहून तो सगळ्यांना म्हणतो तेच म्हणाला, "लीजिए बाबूजी, चबाना नहीं पड़ता. बस ज़बान पर रखिए."

काका हसले. तोंड मिटूनच. द्रोण हातात घेतला, चमच्याच्या टोकावर फेस घेऊन ओठांच्या फटीतून आत सोडला. थांबले. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. उतरला. आणखी एक चमचा. आणखी एक. मग त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "भाई, एक और." चार दिवसांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं ते पहिलंच.

दुसरा द्रोण हातात असताना मी बटण दाबलं.

"बघू," म्हणाले. गिऱ्हाइकाचा फोटो पाहावा तसा त्यांनी कॅमेरा सावलीत धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि चेहरा मोठा करून पाहिला. मोठा, आणखी मोठा. मग धंद्याच्या आवाजात बोलले, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. "डावा गाल बघ. सुजलाय. ओठ खाली ओढला गेलाय. दाढीतूनसुद्धा दिसतंय." फोटो परत लहान केला. "अगं, हा तर आधीच गेलेला आहे. मी कोणता चेहरा वाचवत होतो?"

म्हातारा म्हणाला, "फ़ोटो अच्छी नहीं आई, बाबूजी?"

"सच्ची आई है," काका म्हणाले. द्रोण पुसून खाल्ला. मग मला, "चल. ती वाट बघत बसली असेल. तुझी ती इंग्रजी काढून ठेव."

ऑपरेशन मोठं झालं. नंतरचे दिवस वाईट होते, ते मी गोड करून सांगणार नाही. नाकातल्या नळीनं दूध. बोलणं असं की फक्त काकूंना कळे, आणि काकू भलतंच सांगत. "म्हणतात, बायकोनं फार केलं," असं त्या म्हणाल्या की काका हातानं नाही-नाही करत. झाशीला परतल्यावर पुष्कळ गिऱ्हाइकं इलाइट चौराह्याकडच्या चकचकीत दुकानांत गेली ती गेलीच. काकूंनी गमछा दिला, तोंडावर घ्या म्हणून. काकांनी एक दिवस घेतला आणि कॅमेरा पुसायला ठेवून दिला. आरसा पडद्यामागून काढून जागेवर लावला. खरंच एक लहान मूल त्यांना बघून रडलं. काकांनी त्याच्या हातावर गजक ठेवली आणि पाठ करून उभे राहिले. मूल खाऊ लागलं, तेव्हा वळले आणि फोटो घेतला. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, असं काकूंनी आईला सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात दुखणं परत आलं, आणि या वेळी लखनौला जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेराव्याला काकूंनी भिंतीवर तोच फोटो लावला, द्रोण हातात धरलेला. कुणीतरी म्हणालं, जुना बरा फोटो नव्हता का? काकू म्हणाल्या, "ह्यात जेवलेले आहेत."

त्या लखनौनंतर बापूकाकांनी आणखी काही वर्षं आपल्या स्टुडिओत, तोंड न झाकता, लोकांचे फोटो काढले. माझा पदवीचा फोटोही त्यांनीच काढला, भाड्याच्या काळ्या झग्यात. मी घरून पोळी-भाजी खाऊन गेले होते, तरी त्यांनी आधी डबा पुढे केला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली.