कोरडी बाटली

उमरखेडच्या बाजारगल्लीत जमीरचा फोटो स्टुडिओ होता. हा माणूस एका जागी स्वस्थ बसलेला कोणी पाहिला नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा उठायचा. दिवा हलवायचा, पडदा ओढायचा, मग दिवा पुन्हा होता तिथेच आणायचा. उन्हाळा लागला की कॅमेरा कपाटात जाई आणि हातात पाना येई. मग तो गावातले कूलर दुरुस्त करत फिरे. पंप बदल, वाळ्याची ताटी बदल, जाताना बजाव, "खिडकी उघडी ठेवा, नाही त ओल धरते." दोन्ही कामं त्याला चांगली येत. दोन्हींत त्याचा जीव लागत नव्हता.

कापसाने त्या वर्षांत मुलखाची रया घालवली होती. लग्नं होत, पण फोटोंशिवाय उरकत. वाढलं ते एकच काम. लोक मतदान कार्डावरचा, नाहीतर वरातीतल्या घोळक्यातला, गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवत आणि म्हणत, हा मोठा करून द्या, फ्रेम लावून. जमीर मोठा करी. मोठा केला की डोळे धूसर होत, ते तो ब्रशने काढी. तयार फ्रेमा भिंतीशी टेकून उभ्या राहत, कारण न्यायला लवकर कोणी येत नसे. त्यांच्याकडे पाठ करावी तर समोर आरसा होता, आणि आरशातही त्याच.

मागच्या घरात थोरली बहीण सईदा राही. नवरा वारल्यावर त्याचा गोटी सोड्याचा कारखाना तिने बंद पडू दिला नाही. कारखाना म्हणजे एक खोली, गॅसची टाकी, बाटल्या फिरवायचं लोखंडी चाक आणि धुण्याचा हौद. चाक ती स्वतः फिरवी. तिच्या तळहाताला हमालाच्या हातासारखे घट्टे होते. माल मुख्यतः एस.टी. स्टँडवर खपे, पूनमसिंगच्या टपरीवर.

मे महिन्यात त्या टपरीवर एका थंड पेयाच्या कंपनीचा माणूस आला. मोठा बोर्ड फुकट देतो म्हणाला, अट एवढीच की दुसरी बाटली ठेवायची नाही. पूनमसिंगने सईदाला बोलावून बोर्डाचा नमुना दाखवला. चित्रातल्या बाटलीवरून थेंब निथळत होते.

"आपा, माह्या मनात काही नाही," तो म्हणाला. "पण हे पाहूनच घसा ओला होते. तुमची बाटली पाहून काय होते? धूळ आठवते. शुक्रवारपर्यंत तुमचा असा बोर्ड आणा. नाही त मी त्याहीले हो म्हणतो."

स्टँड गेला की चाक थांबणार, हे सईदाला कोणी सांगायची गरज नव्हती. ती तशीच स्टुडिओत आली.

"बाटलीचा फोटो काढ. गार दिसली पाह्यजे."

"गार कशी दिसन?"

"घाम आला पाह्यजे तिले."

जमीरने हातातला ब्रश ठेवला. कधीपासून कोणी त्याच्याकडे जिवंत वस्तूचा फोटो मागितला नव्हता. त्याने लगेच कॅमेऱ्यात रोल भरला.

त्याने बर्फ आणला, बाटली बर्फात पुरली, अंगणात उन्हात स्टूल मांडलं. बाटली काढून धावत स्टुलावर ठेवली आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. काचेवर फुंकर मारल्यासारखी वाफ दिसली आणि लगेच उडाली. बाटली कोरडी. पुन्हा पुरली, जास्त वेळ. पुन्हा कोरडी. अजून पुरेशी गार नाही, असं त्याने ठरवून टाकलं. एकदा ठरवलं की तो दुसरं ऐकत नसे. खोलीतला कूलर बंद केला, का तर त्याच्या ओलीने बर्फ पाझरतो. मग बर्फात मीठ टाकायला घेतलं.

"मीठ टाकू नको. गोठली त फुटन," सईदा म्हणाली.

त्याने टाकलंच. बाटली फुटली. काच जमीरच्या अंगठ्यात घुसली. त्याने अंगठ्याला चिंधी बांधली आणि दुसरी बाटली पुरली, या खेपेला मीठ न टाकता.

ओट्यावर उकंडा बसून होता. कापसाच्या जिनिंगमधला हमाल. हंगाम लवकर संपला म्हणून रिकामा. बापाचा फोटो मोठा करायला टाकला होता, त्यासाठी तो रोज येऊन बसे आणि रोज परत जाई.

"जमीरभाई, माहा बाप राह्यला ना."

"आज नाही."

उकंडाने बराच वेळ त्याची धावपळ पाहिली. मग म्हणाला, "कायले एवढे हाल करून राह्यले? डोये काहाडता ना तुमी ब्रशनं? तसेच थेंब काहाडा."

जमीर थांबला. चिंधीतून रक्त आलं होतं.

"तेच त नाही करायचं," तो म्हणाला.

दुपारी त्याचा दम संपला. तो खोलीत शिरला, ऊन येतं म्हणून खिडकी लावून घेतली, कूलर सुरू केला आणि बर्फातली बाटली फळीवर ठेवून भिंतीला टेकला. थोड्या वेळाने सईदा जेवायला बोलवायला आली. बोलता बोलता तिने बाटली उचलली आणि पदराने पुसून परत ठेवली.

"पुसली काहून?" जमीर उठलाच.

"सवय. गिऱ्हाईकाच्या हातात वली बाटली देत नाही मी."

"वली होती?"

"कूलरपाशी ठेवलेली होतेच वली. आंगनातली कुठं होते?"

जमीरने बाटलीकडे पाहिलं. पुसलेल्या जागी काच पुन्हा धुरकटत होती. त्याने बंद खिडकीकडे पाहिलं, आणि स्वतःलाच एक शिवी दिली. गावभर ज्या ओलीच्या नावाने तो बोंबलत फिरे, तीच त्याला हवी होती. बाटली पाणी गाळत नाही. हवेत असलेलं पाणी गार काचेला अडतं आणि तिथे बसतं. अंगणातल्या हवेत मे महिन्याचं ऊन सोडून काही नव्हतं. बसणार काय? बर्फाचा डोंगर केला असता तरी ती कोरडीच राहिली असती.

तो कॅमेरा घ्यायला वळला आणि वीज गेली. लोडशेडिंग. कूलरचं पातं घरघरत थांबलं. आता वीज येईल तेव्हा ऊन उतरलेलं असणार, आणि उद्या सकाळच्या एस.टी.ने रोल यवतमाळला छापायला गेला नाही तर शुक्रवारी बोर्ड नाही.

सईदाने कारखान्यातला बारदाना ओढून आणला आणि हौदात बुचकळला. बाटल्या धुतलेलं पाणी होतं, फेकायचंच. भिजलेलं पोतं माणसाला झुकवतं. ती आणि उकंडा मिळून एकेक पोतं उचलत, दाराला, खिडकीला, दोरीवर टाकत. मग फरशीवर बादल्या ओतल्या. पोतं वाळलं की पुन्हा हौद. खोली नदीकाठासारखी वास मारू लागली. तिघांचे कपडे अंगाला चिकटले.

जमीरने बाटलीमागे काळं कापड लावलं. समोरून उजेड टाकला तर पाणी दिसत नाही, नुसती काच चमकते, हे त्याला ठाऊक होतं. पाण्याला उजेड मागून हवा. दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप येत होती. त्याने उकंडाच्या हातात आरसा दिला आणि त्याला बाटलीच्या मागे, एका अंगाला उभा केला.

"हलू नको."

"कितीक वेळ?"

"हलू नको म्हटलं ना."

बाटली ओली झाली, पण थेंब धरेना. पाणी सपाट पसरलं, जसं तेलकट नसलेल्या ताटात पसरतं. सईदाने ती धुण्याच्या सोड्याने घासून लख्ख केली होती. जमीरने मघाची, तिच्या पदराने पुसलेली बाटली बर्फात ठेवून पुन्हा काढली. त्या पदराला केसांचं तेल लागलेलं असे. तिच्यावर पाणी दाण्यादाण्याने उभं राहिलं.

मग त्याला बसावं लागलं. सकाळी कोरड्या बाटलीवरच बराच रोल गेला होता, शेवटच्या काही फोटोंइतकीच फिल्म उरली होती. धावून उपयोग नव्हता. दाणे वाढत होते, शेजारचे एकमेकांत शिरत होते, जड होत होते. जमीरचा पाय आपोआप हलू लागला. त्याने तो दुसऱ्या पायाखाली दाबला. बंद पोत्यांमागे त्याला श्वास पुरत नव्हता. वरचा एक थेंब थरथरला, सुटला, वाटेतले दोन-तीन गिळत सरळ खाली आला. मागे काळी वाट राहिली. जमीरने बटण दाबलं.

शुक्रवारी बोर्ड स्टँडवर लागला. पूनमसिंग जवळ जाऊन पाहत राहिला.

"घाम त आला," तो म्हणाला. "पण जमीरभाई, या थेंबात कोन हाय? डोकं खाली, पाय वर."

प्रत्येक मोठ्या थेंबात आरसा धरलेला उकंडा उलटा उभा होता. शेजारचे हसले. सईदाही हसली. तेवढ्यात पुसदच्या गाडीतून उतरलेल्या एका माणसाने बोर्ड पाहून बाटली मागितली. हातात घेतली, फिरवून पाहिली.

"फोटोतली घामेजली, आन ही काहून कोरडी?"

हसणं थांबलं. पूनमसिंगने बाटलीला हात लावला. गार होती, पण कोरडी ठणठणीत.

"आपा, हे त फसवणं झालं," तो हळू म्हणाला. "कंपनीचा बोर्डही खोटाच असन, पण त्याची जबाबदारी माह्यावर नाही."

जमीरने बोर्ड उतरवायला शिडी ओढली. त्याला तिथून पळायचं होतं. सईदाने शिडी धरून ठेवली.

"बारदाना आन," ती म्हणाली.

टपरी तीन अंगांनी पत्र्याची होती. त्यांनी आतून ओली पोती टांगली, समोर अर्ध्यापर्यंत सोडली, बर्फाची पेटी आत ओढली, खाली पाणी मारलं. पुढची दोन गिऱ्हाइकं त्यांनी थांबवून धरली. मग एक बाटली सईदाने पेटीतून काढून फळीवर ठेवली आणि हात मागे घेतला. तिचा पदर दोनदा पुढे आला, दोनदा तिने तो आवरला. काच धुरकटली. मग दाणे धरले.

पूनमसिंगने बोट लावून पाहिलं आणि ते बोट मानेला पुसलं.

"बोर्ड राहू द्या," तो म्हणाला. "पण पोतं वाळलं त बोर्ड खाली."

"वाळणार नाही," सईदा म्हणाली.

त्या आठवड्यात जमीरने उकंडाच्या बापाचा फोटो करून दिला. उकंडाने तो उजेडात धरला.

"डोये नीट दिसत नाही."

"कार्डावरच नाहीत तसे. ब्रश नाही लावला."

उकंडा फोटो काखेत धरून गेला.

पोतं भर उन्हात चहा उकळेपर्यंत वाळतं. सईदा सकाळी बाटल्या धुई आणि तेच पाणी बादल्यांनी स्टँडवर वाही. चाक फिरवायची वेळ झाली की बादल्या जमीरकडे येत. कूलरची कामं टाकून तो जाई, पोती भिजवी, आणि लगेच परत न फिरता फळीवरच्या बाटलीसमोर उभा राही. एक पाय हलत असे. थेंब सुटून खाली आला की तो रिकामी बादली उचलून निघे.