काकडीचा गुण

काकांच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलेल्याची सुटका नसे. मान काकांच्या हातात, गळ्यापाशी वस्तरा. गिऱ्हाईक बिचारं ऐकून घेई. कात्री थांबली तरी काकांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. आणि परगावी नोकरीला असलेल्या एकुलत्या मुलाचा फोन आला की याच माणसाची दातखिळी बसे.

काकू होत्या तोवर हे कुणाला जाणवलं नाही. काका फोन उचलत, "बरा आहेस ना?" विचारत आणि लगेच म्हणत, "थांब हं, आईला देतो." बापाचं काम तेवढ्यात संपे. काकू गेल्या, पण जिभेचं वळण जाईना. मुलाचा फोन आला आणि काका बोलून गेले, "थांब हं, आईला देतो." आणि फोन पुढे धरून उभे राहिले. कुणाला देणार होते?

त्यानंतर रविवारचे फोन उरकल्यासारखे होऊ लागले. जेवलास का, जेवलो, तुम्ही जेवलात का, जेवलो. फोन ठेवला की घर खायला उठे. असंच चाललं तर हा एक दिवस फोन करणंच सोडून देईल, अशी काकांनी धास्ती घेतली.

वाट सापडली ती सलूनमध्ये येणाऱ्या पेपरात, आरोग्याच्या पानावर. भोपळ्याच्या बिया फेकू नका, भाजून खा, असं काहीसं तिथे होतं. काकांनी ते मुलाला सांगितलं.

"खरंच? मी तर कचऱ्यात टाकतो," मुलगा म्हणाला.

पोरगा स्वतः भाजी चिरतो, हे काकांना तेव्हा कळलं. बरं वाटलं, आणि पोटात तुटलंही.

मग काय विचारता! लसूण, गाजर, अंड्यातला बलक, बटाट्याची साल, दर रविवारी एकेकाचा नंबर लागला. पण एका आठवड्यात त्या पानाच्या जागी फर्निचरची जाहिरात आली. जन्मभर कात्री चालवलेले काका स्वतःच कात्रीत सापडले.

फोन वाजला तेव्हा ओट्यावर काकडी पडली होती. काकांनी ठोकून दिलं, "जेवणाआधी काकडीच्या चकत्या सावकाश चावून खाल्ल्या की पडल्या पडल्या झोप लागते."

"कुठे वाचलंत?"

"मोठमोठे डॉक्टर सांगतात."

थाप पचली म्हणून काका आठवडाभर खुशीत होते.

पुढच्या रविवारी मुलानेच विषय काढला. "बाबा, ती काकडी रोज खातोय. काही गुण आला नाही."

काकांना हसू येणार होतं, ते आलं नाही. "तुला झोप लागत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

काकांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. इतके दिवस पोराला काय काय खायला सांगितलं, पण कसा आहेस हे एकदाही धड विचारलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

"मलाही लागत नाही," ते म्हणाले. "आणि काकडीचं मी मनानेच रचलं होतं. तू लवकर फोन ठेवू नयेस म्हणून."

"वाटलंच होतं मला," मुलगा म्हणाला. "तरी खात होतो."

पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. फोन मात्र कुणी ठेवला नाही.